फुकट सीटवरून: शाळेच्या लंडन सहलीचा अभिप्राय

आधी कबुली देऊन टाकते. या सहलीत माझ्या पर्समधून फार तर चहाचे पैसे गेले असतील. दर दहा मुलांमागे एक शिक्षक ‘एफओसी’, म्हणजे फुकट, असा या टूर कंपन्यांचा रिवाज. आमची मुलं तेवीस, म्हणून शिक्षक दोन: मी भूगोलाची आणि सोबत पी.टी.चे सर. आता कंपनी म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. आमच्या दोघांचं विमान, हॉटेल, जेवण त्या तेवीस घरांच्या बिलात कुठेतरी विरघळलेलं असणारच. त्या घरांचं मी देणं लागते, आणि ते फेडायचा मला एकच मार्ग दिसतो: काय मिळालं आणि काय नाही, ते सरळ लिहून टाकणं.

कंपनीचं नाव देत नाही. जानेवारीत आमच्या स्टाफरूमच्या टेबलावर चार कंपन्यांची ब्रोशरं पसरली होती. वरचे लोगो झाकले असते तर कुठलं कुणाचं हे त्यांच्या माणसांनाही सांगता आलं नसतं. तोच ग्लोब, त्याच टोप्या उडवणारी तीच गोरी मुलं, आणि सगळीकडे तोच एक शब्द: एक्स्पोजर. तेव्हा खाली जे लिहिते आहे ते एका कंपनीबद्दल असलं तरी उरलेल्या तिघांनी टोपी घालून बघायला हरकत नाही.

पर्याय चार होते. फ्लोरिडाचं केनेडी स्पेस सेंटर, जपान, सिंगापूर, लंडन. विश्वस्तांचा जीव ‘नासा’त अडकला होता, कारण तो शब्द शाळेच्या गेटवरच्या बॅनरला शोभून दिसतो. आकडा ऐकल्यावर जीव मोकळा झाला. माझा कल जपानकडे होता. तिथे शाळेची सहल हा शिक्षणाचाच भाग मानतात. मुलांचे छोटे गट पाडतात आणि क्योतोसारख्या शहरात कुठली बस पकडायची, काय बघायचं, जेवायचं कुठे, हे बऱ्याचदा गटच ठरवतो. शिक्षक ठरलेल्या जागी वाट बघत बसतात. ते काही जमलं नाही. लंडन ठरलं.

आमची शाळा परळची, सेमी-इंग्रजी. नववीच्या दोन तुकड्यांत मिळून शहाण्णव मुलं, त्यातली तेवीस निघाली. माणशी दोन लाख अडतीस हजार, वर जीएसटी, टीसीएस (बिलाबरोबर आधीच वसूल होणारा कर), व्हिसाची फी आणि खाऊचे पौंड. टीसीएसबद्दल पालकांच्या मनात घोळ असतो म्हणून सांगते: तो पैसा बुडत नाही, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. आमच्या पालकसभेत कंपनीच्या माणसाने हे सांगितलं नाही. मुलांना दिसणाऱ्या लंडनचा ड्रोन व्हिडिओ मात्र दोनदा दाखवला.

त्याच सभेत मागच्या बाकावरून एक वडील उठले. बेस्टमध्ये कंडक्टर. म्हणाले, “सगळं बरोबर आहे, पण यात शिकवणार काय?” तो माणूस हसून म्हणाला, “सर, एक्स्पोजर मिळेल.” वडील म्हणाले, “ते समजलं. शिकवणार काय?” हशा पिकला, विषय पुढे गेला. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून मुलाला पाठवलं. नऊ दिवस मी तो प्रश्न डोक्यात घेऊन फिरले, त्यामुळे हा अभिप्राय त्याच फूटपट्टीने लिहिते.

चांगलं आधी. कागदपत्रांत ही मंडळी पक्की. आईवडील दोघांच्या सह्यांची नोटरी केलेली संमतीपत्रं, बायोमेट्रिकची तारीख, विमा, कुणाला कसली ॲलर्जी त्याचा तक्ता, सगळं वेळेत. एका मुलीचे वडील मस्कतला असतात. त्यांची सही आणण्यासाठी ऑफिसातली एक मुलगी रात्री दहाला माझ्याशी फोनवर होती. प्रत्येक मुलाच्या मनगटावर हॉटेलच्या नंबरचा पट्टा. ‘गाडीचं दार बंद झालं आणि तुम्ही एकटे आत राहिलात तर पुढच्या स्टेशनवर उतरा आणि हलू नका’ हे पाठ करून घेतलेलं. चौथ्या दिवशी बेकर स्ट्रीटला नेमकं तसंच झालं, आणि आत राहिलं कोण, तर कंपनीची टूर मॅनेजर ताई. दादरला सकाळी नऊची फास्ट पकडणारी आमची पोरं दार उघडताच बाहेर, ताई आत. तिने स्वतःचाच नियम पाळला, पुढच्या स्टेशनवर उतरून उभी राहिली. पोरं दिवसभर तिला “ताई, हलू नका हं” म्हणत होती. (जाता जाता: लंडनची भुयारी गाडी १८६३ची, जगातली पहिली. आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ची. भुयारातली नसली तरी दहा वर्षांनी थोरली, हे मी तिथल्या फलाटावर ठणकावून सांगितलं.)

आता बाकीचं. ‘सेंट्रल लंडनजवळ’ म्हणून दाखवलेलं हॉटेल मध्यापासून बसने सव्वा तासावर होतं. जाऊन-येऊन अडीच तास, रोज. संध्याकाळी जेवायला ठरलेल्या भारतीय हॉटेलात जायचं, ते आणखी तिसऱ्याच दिशेला. सात रात्री पनीर. एका रात्री आम्ही दोघांनी बंड केलं आणि केटलच्या पाण्यात मी आणलेलं मेतकूट, तूप आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरातून मागून आणलेला भात, असं कॉरिडॉरमध्ये बसून खाल्लं. सहलीतलं सगळ्यात लोकप्रिय जेवण तेच ठरलं.

बसचंही ऐका. तिथे ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि दिवसाच्या तासांनाही मर्यादा. नियम चांगलाच आहे, आपल्याकडे घाटात उलटणाऱ्या सहलीच्या बसेस आठवल्या की पटतो. पण वीस वर्षं हाच धंदा करणाऱ्या कंपनीला तो माहीत नसावा? ऑक्सफर्डच्या दिवशी ड्रायव्हर शांतपणे गाडी बाजूला घेऊन सँडविच खायला बसला आणि आमचा तिथला वेळ तीन तासांवरून दीडवर आला. ऑक्सफर्ड बघितलं म्हणण्यापेक्षा ऑक्सफर्डमध्ये मोजणी केली. बावीस, तेवीस, चला.

‘म्युझियम एंट्री समाविष्ट’ या ओळीवर तर माझा विशेष राग आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम या तिन्ही ठिकाणी कायमची दालनं बघायला पैसेच पडत नाहीत. फुकट दाराचं तिकीट विकलं त्यांनी. नॅचरल हिस्टरीमध्ये छतापासून लटकवलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सव्वापंचवीस मीटर लांबीचा. १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेला मासा. मुलं मान वर करून गप्प झाली होती. बरोब्बर त्या क्षणी ‘लर्निंग जर्नल’ भरायची वेळ झाली. हे जर्नल म्हणजे स्पायरल बाइंडिंगची गुळगुळीत वही, पानोपानी गाळलेल्या जागा. ‘बिग बेनची उंची ____ मीटर.’ मुळात बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, मनोऱ्याचं नाही. मनोऱ्याला २०१२पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. सगळ्या मुलांनी बसमध्ये बसून मोबाइलवरून ९६ लिहिलं. ते काम परळमध्ये बसूनही झालं असतं.

आणि सर्टिफिकेट. ‘ग्लोबल लीडरशिप वर्कशॉप’ म्हणून छापील कार्यक्रमात जे होतं ते हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत झालं. टोस्टरचा वास होता. एका गृहस्थाने चाळीस मिनिटं स्वप्नं मोठी बघा असं सांगितलं आणि प्रत्येकाला सोनेरी काठाचा कागद दिला. सहा जणांच्या नावांची स्पेलिंगं चुकलेली. पालकांनी तोच कागद फ्रेम करून लावलाय, त्याला माझा इलाज नाही.

हे एवढंच असतं तर मी लिहायला बसलेच नसते. पण पाचवा दिवस ग्रीनिचचा होता.

वेस्टमिन्स्टरहून बोटीने गेलो. कार्यक्रमात ‘रिव्हर क्रूझ’ लिहिलं होतं, म्हणून मी फार अपेक्षा ठेवली नव्हती. पण ओहोटी होती, आणि दोन्ही काठांना चिखलाचे उतार उघडे पडलेले. माहीमच्या खाडीशेजारी वाढलेल्या एका मुलीने लगेच विचारलं, “बाई, ही नदी आहे ना? मग भरती-ओहोटी कशी?” समुद्र कितीतरी मैल लांब, तरी लंडन ब्रिजपाशी पाणी सहा-सात मीटर चढतं-उतरतं, आपल्या मुंबईच्या किनाऱ्यापेक्षाही जास्त. फनेलसारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या मुखात पाणी दाबलं जातं म्हणून. वर्गात हे सांगताना मला फळ्यावर नेहमी दोन रेघा काढाव्या लागतात. तिथे बोट दाखवलं, झालं.

वेधशाळा टेकडीवर आहे. १६७५ साली स्थापन झालेली, आणि इथे मात्र खरोखरच तिकीट आहे. तिथल्या शिक्षण विभागाच्या एक बाई आम्हाला मिळाल्या. पिकलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी भाषण केलं नाही. मुलांना अंगणातल्या शून्य रेखांशाच्या रेषेपाशी उभं केलं आणि विचारलं, “तुमच्या गावात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा तुमचं घड्याळ किती वाजल्याचं सांगतं?” तेवीसच्या तेवीस म्हणाली, बारा. त्या म्हणाल्या, “नक्की?” आणि गप्प बसल्या. शिक्षकाचं गप्प बसणं काय चीज असते ते मी तिथे सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा बघितलं.

एक रेखांश, चार मिनिटं. हे आमची मुलं सहावीपासून घोकतात. पण घोकलेलं आणि लागू केलेलं यांच्यात जे अंतर असतं ते त्या पायऱ्यांवर दिसलं. मुंबई बहात्तर अंश पन्नास मिनिटं पूर्व. गुणिले चार. मागे राहणारी, वर्गात कधी हात वर न करणारी एक मुलगी हातावर पेनाने लिहीत म्हणाली, “चार तास एक्कावन्न मिनिटं येतात, बाई. पण आपण तर साडेपाच तास पुढे.” मग मी सांगितलं. ती चार तास एक्कावन्न मिनिटं म्हणजे बॉम्बे टाइम. १९०६ साली देशभर एकच प्रमाणवेळ आली, साडेब्याऐंशी रेखांशाची. पण मुंबई आपल्या एकोणचाळीस मिनिटांना धरून बसली, ती थेट १९५५पर्यंत. “म्हणजे माझ्या आजोबांच्या लहानपणी मुंबईत दोन वेळा होत्या?” होत्या. “मग भेटायचं ठरवलं की कुठली वेळ धरायची?” तेच तर भांडण होतं, बाळा.

इतक्यात आमचा बडबड्या (प्रत्येक सहलीत एक असतोच, हा त्या कंडक्टरांचा मुलगा) मोबाइल नाचवत आला. “बाई, यांची रेषा चुकलीय!” रेषेवर उभं राहिलं तरी फोन शून्य रेखांश दाखवेना, कोनाचे पाच सेकंद पश्चिम दाखवत होता. मला वाटलं फोनचा दोष. त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, जा, तुझं शून्य शोधून ये. फाटकाबाहेरच्या बागेत तो पूर्वेकडे चालत गेला, मागोमाग पी.टी.चे सर पावलं मोजत. एकशे तीस-पस्तीस पावलांवर, गवतात, पाटी नाही की रेषा नाही, अशा जागी फोनवर शून्य उमटलं. म्हणजे शंभरेक मीटर.

कारण ऐकण्यासारखं आहे. अंगणातली रेषा ज्या दुर्बिणीवरून आखली ती एअरी या खगोलशास्त्रज्ञाची, १८५१ची. ती दुर्बीण सरळ उभी आहे की नाही हे पाऱ्याच्या पसरट भांड्यावरून ठरवत. पारा सपाट राहतो तो तिथल्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने, आणि जमिनीखालच्या खडकांमुळे ते किंचित कलतं. उपग्रह मोजतात ते पृथ्वीच्या केंद्रापासून. दोघंही बरोबर, आणि दोघांत १०२ मीटरचं अंतर. १८८४मध्ये वॉशिंग्टनला जगभरचे प्रतिनिधी बसून ज्या रेषेवर शिक्कामोर्तब करून गेले ती रेषा आता फोन मानत नाही! पोरगा दिवसभर छाती काढून फिरत होता, जणू त्यानेच एअरीला पकडलं.

एक वाजता छतावरचा लाल गोळा खाली पडतो. १८३३पासून चालत आलेली रीत: एकला पाच मिनिटं कमी असताना अर्धा वर, दोन कमी असताना टोकाला, आणि बरोब्बर एकला खाली. थेम्समधल्या जहाजांनी तो बघून आपली घड्याळं लावायची. सगळे माना वर करून थांबले. पडला. मग मघाचीच मुलगी: “पण आता उन्हाळा आहे. इथली घड्याळं तासभर पुढे केलेली आहेत ना? म्हणजे ग्रीनिचमध्येच ग्रीनिचची वेळ नाही?” त्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला घशात काहीतरी आलं, मी पाणी प्यायले.

आत हॅरिसनची घड्याळं आहेत. जॉन हॅरिसन, पेशाने सुतार. समुद्रावर रेखांश काढायचा तर निघाल्या बंदराची अचूक वेळ सोबत हवी, आणि डुलत्या जहाजावर लंबकाचं घड्याळ निकामी. १७१४मध्ये ब्रिटिश संसदेने हे कोडं सोडवणाऱ्याला वीस हजार पौंड लावले. त्याचं पहिलं घड्याळ चौतीस किलोचं, दोन पितळी दांडे एकमेकांकडे झुकतात आणि लांब जातात, आजही चालू. चौथं घड्याळ तळहाताएवढं. जमैकाच्या सफरीत ते फक्त पाच सेकंद मागे पडलं. ते बंद ठेवतात, झिजू नये म्हणून. पी.टी.चे सर पहिल्या घड्याळापुढे वीस मिनिटं उभे होते. सहलभर ज्यांनी “लाइन करा” सोडून शब्द काढला नव्हता ते बाहेर येताना म्हणाले, “माझे वडील गिरणीत फिटर होते. त्यांना हे दाखवायला पाहिजे होतं.”

सव्वातीनला ताईने शिट्टी मारली. पुढचा थांबा: आउटलेट मॉल, ‘शॉपिंग एक्स्पीरियन्स’, तीन तास.

तिथे माझी सटकली. आवाज चढला, कबूल करते. कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या घराला वीस मिनिटं होती, तीही ‘बाहेरून’. मॉलला तीन तास! आमच्या शाळेपासून पोयबावडीची बीआयटी चाळ चालत दहा मिनिटांवर आहे. बाबासाहेब तिथे दोन खोल्यांत बावीसेक वर्षं राहिले. आमच्या तेवीसपैकी तीन मुलं आजही त्याच आवारात राहतात. त्यांना वीस मिनिटं? ताई बिचारी नोकरदार, तिने मुंबईला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की मॉल रद्द केला तर जेवणाची कूपनं बुडतील. शेवटी तह झाला: मॉल दीड तासाचा, दुसऱ्या दिवशीची ऑक्सफर्ड स्ट्रीटची खरेदी पूर्ण रद्द, तो वेळ माझा.

प्रिमरोज हिलजवळचं किंग हेन्रीज रोडचं दहा नंबरचं घर. शांत गल्ली, एकाला एक चिकटलेली घरं, आणि मोठी बस आत शिरत नाही म्हणून स्टेशनपासून चालत. १९२१-२२मध्ये बाबासाहेब इथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. मी आत जाण्याआधी फुटपाथवर एवढंच सांगितलं की हा माणूस १९१६मध्ये इथे शिकायला आला होता, शिष्यवृत्ती संपली म्हणून पुढच्याच वर्षी अर्ध्यावरून परत गेला, मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले आणि १९२०मध्ये पुन्हा आला. बीआयटी चाळीतला एक मुलगा, एरवी सेल्फीत रमलेला, बराच वेळ जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभा होता. मग म्हणाला, “बाई, त्यांनाही पैसे कमी पडले?” हो रे. वीस मिनिटांचा सव्वा तास झाला. जर्नलमध्ये या घरासाठी पान नव्हतं. मुलांनी मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहिलं.

दुपारचा वेळ माझा. ऑक्सफर्ड सर्कसपासून सात-आठ मिनिटांवर सोहोत ब्रॉडविक स्ट्रीट आहे. पूर्वी ब्रॉड स्ट्रीट. तिथे पाण्याचा एक जुन्या घाटाचा पंप उभा आहे, त्याला दांडाच नाही. मी जपानी पद्धत वापरली: पाच गट, प्रत्येकाच्या हातात नकाशाची झेरॉक्स (झेरॉक्स परळहून काढून नेली होती), आणि सांगितलं, दांडा नसलेला पंप शोधा. कंपनीने आधी याच फेरीसाठी माणशी जादा पौंड सांगितले होते, वाटाड्याचे म्हणून. नाही म्हटलं. पाचही गट पोचले, एक तर पंपाशेजारच्या पबचा पत्ता विचारत. (पबला नाव जॉन स्नो. ज्या डॉक्टरचं हे नाव, तो स्वतः दारूला शिवत नसे.)

१८५४च्या ऑगस्टअखेर या गल्ल्यांत पटकी, म्हणजे कॉलरा, पेटली. दहा दिवसांत पाचशेवर माणसं गेली. सगळे म्हणत होते, घाणेरड्या हवेमुळे. डॉक्टर स्नोने दारोदार फिरून मेलेल्यांची घरं नकाशावर काळ्या रेघांनी मांडली, आणि रेघा या पंपाभोवती दाटल्या. पंपाचा दांडा काढला गेला तो त्याच्याच सांगण्यावरून. पण मला मुलांना सांगायचं होतं ते पुढचं: शेजारच्या दारूभट्टीतले कामगार मात्र वाचले, कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. “कुठे माणसं मेली यापेक्षा कुठे मेली नाहीत, ते बघितलं त्याने,” एक जण म्हणाला. मी त्याला तिथेच दहापैकी दहा दिले. आणि मग मी विचारलं, आपल्या शाळेसमोरून भिंत जाते ती कुणाची? हाफकिन संस्थेची. रोज तिथून येतात, पण हाफकिन कोण ते कुणाला ठाऊक नाही. १८९६ची मुंबईतली प्लेगची साथ, आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच प्लेगची लस टोचून घेणारा माणूस. त्यासाठी लंडनला यायची गरज नव्हती. पण सोहोत त्या पंपापाशी उभं असताना परळची भिंत मुलांना जेवढी दिसली तेवढी तिच्याखालून चालताना कधी दिसली नव्हती, हेही खरंच.

पुन्हा या कंपनीसोबत जाईन का? विमान, व्हिसा, विमा, रात्रीची मोजणी यासाठी जाईन. कार्यक्रम त्यांना ठरवू देणार नाही. करार करण्याआधी हॉटेलचा पूर्ण पत्ता मागेन आणि नकाशावर स्वतः अंतर बघेन. कुठल्या जागांना खरंच तिकीट आहे ते विचारेन. बसचे तास लेखी घेईन. मॉल, ‘लीडरशिप’ आणि रोजचं पनीर काढून त्याचे पैसे कमी करायला सांगेन. आमच्या अंदाजाने तीसेक हजार सहज उतरतात. शिवाय फुकट सीटचा खर्च बिलात वेगळा दाखवा म्हणेन. सगळ्या पालकांना तो दिसू दे, आम्हालाही. शिक्षकांनीही जायच्या आधी महिनाभर मुलांबरोबर बसायला हवं. ती चूक माझी. बॉम्बे टाइमचं गणित मी एप्रिलमध्ये वर्गात करून घेतलं असतं तर त्या अंगणात आम्ही आणखी पुढे गेलो असतो.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ची आहे, तिथे या मुलांना मी कधी नेलेलं नाही. तिथली चुंबकीय निरीक्षणं १९०४मध्ये अलिबागला हलवावी लागली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्या सुया हलवणार होत्या. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जाता येतं. त्याला दोन लाख अडतीस हजार लागत नाहीत.

११ मेला परतलो. १५ मेला मुंबईत सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीच पडत नाही. सुट्टी असूनही मी नववीच्या ग्रुपवर निरोप टाकला: ज्याला यायचं त्याने शाळेच्या गच्चीवर. एकोणतीस मुलं आली. त्यातली लंडनला गेलेली अकराच. पी.टी.च्या सरांनी लेझीमचा एक दांडा मातीच्या कुंडीत सरळ रोवला, ओळंबा लावून. गच्चीची फरशी चटके देत होती. गेलेली अकरा जण बाकीच्यांना ऐटीत सांगत होती की आपलं खरं बारा हे घड्याळात बारा एकोणचाळीसला वाजतं, बघाच.

सावली आखडत आखडत दांड्याच्या बुडाशी आली आणि बारा पस्तीसला नाहीशी झाली. एकोणचाळीसला तर दुसऱ्या बाजूने केसाएवढी डोकावायलाही लागली होती.

खडू हातात धरलेली मुलगी सहलीला आलेली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं. “बाई, तुमची चार मिनिटं चुकली.”

मी बडबड्याकडे बघितलं. तो फोनकडे बघत होता, फोन काही बोलेना. ऊन मी म्हणत होतं. मी तिला म्हटलं, खूण कर, वेळ लिही, पुसू नकोस. आता पाऊस येईल. दिवाळीनंतर दर शनिवारी याच जागी दांडा लावू, बघू ती चार मिनिटं कुठे जातात ते.

“दिवाळीनंतर किती वाजता येईल सावली?” तिने विचारलं.

सांगितलं नाही.